सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा

जिल्ह्याच्या ठिकाणी एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की दवाखान्यांच्या पाट्यांची रांग सुरू होते. त्यांत मनोविकारतज्ज्ञाची पाटी ओळखायला थोडा सराव लागतो. ‘मेंदू व मनोविकार’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातला ‘मेंदू’ मोठ्या अक्षरांत असतो. खाली यादी : जुनी डोकेदुखी, निद्रानाश, फिट येणे, व्यसनमुक्ती, मुलांमधील चंचलता, लैंगिक समस्या. घरी सांगता येईल असं एक तरी कारण या यादीत प्रत्येकाला सापडतं. डोकं दुखत होतं म्हणून जाऊन आलो, असं म्हणायला जागा राहते. मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, अपघातानंतर बसलेली भीती, असलं काही मी अजून एकाही पाटीवर वाचलेलं नाही. दवाखान्यात मात्र रोज तेच येऊन बसलेलं असतं.

हा लेख अशाच एका खासगी दवाखान्याबद्दल आहे. पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं गाव, इमारतीचा दुसरा मजला, खाली औषधाचं दुकान आणि झेरॉक्स. मानसोपचारात एम. डी. केलेल्या डॉक्टर मॅडम आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असं दोघींचं काम. गावाचं नाव देत नाही, डॉक्टरांचंही नाही. खरं सांगायचं तर हा दवाखाना एकच नाही. ठिकठिकाणी पाहिलेलं आणि या व्यवसायातल्या माणसांकडून ऐकलेलं इथे एकत्र केलं आहे, आणि रुग्णांच्या हकिकतीही अनेकांच्या मिळून एक केल्या आहेत. ज्या धंद्याचा पाया गुप्तता हा आहे, त्याच्याबद्दल लिहिण्याची दुसरी सभ्य रीत मला माहीत नाही.

सकाळी दहा ते दीड या वेळात इथे तीसेक माणसं येऊन जातात. त्यातली बहुतेक जुनी : स्किझोफ्रेनियाची गोळी चालू असलेला मुलगा आणि त्याला घेऊन आलेले वडील, दारू सोडून वर्ष झालेला गवंडी, बाळंतपणानंतर खचलेली सून आणि तिची सासू. प्रत्येकाला सात-आठ मिनिटं. झोप कशी आहे, भूक कशी आहे, गोळ्या वेळेवर घेता ना, पुढच्या महिन्यात या. दुपारी दोन ते पाच या तीन तासांत मात्र येतात फक्त तिघं. सकाळच्या तीस जणांच्या फीवर दुपारचे तिघं निभावतात, हा या दवाखान्याचा जमाखर्च आहे. आपल्याकडच्या खासगी मानसोपचाराचं दुखणंही इथेच आहे. आघात झालेल्या माणसाला सर्वांत जास्त लागतो तो वेळ, आणि खासगी डॉक्टरला सर्वांत महाग पडतो तोही वेळच.

इथवर येण्याचा रस्ता लांबचा असतो. धसका घेतलेलं माणूस आधी घरच्या उपायांनी बघतं. मग उतारा, देवऋषी, कुणीतरी ‘बाहेरचं आहे’ म्हणतं. छातीत धडधडायला लागलं की फिजिशियन, ईसीजी, टूडी एको. हातापायाला मुंग्या आल्या की मेंदूचा एमआरआय. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’ हे वाक्य तीन-चार डॉक्टरांकडून ऐकल्यावर रुग्णाला खरोखरच वाटायला लागतं की आपण नाटक करतोय. तोवर कुणीतरी अल्प्राझोलमची छोटी गोळी लिहून दिलेली असते. ती लागू पडते, आणि तिथेच घोटाळा होतो. ओळखीच्या दुकानातून ती वर्षानुवर्षं मिळत राहते, गोळीशिवाय झोप येईनाशी होते, आणि मूळ भीती जिथल्या तिथे राहते. आघातानंतरच्या त्रासासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानापर्यंत ते पोचलेलं नाही.

किती माणसं या रस्त्यावर आहेत? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी 10.6 टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्के माणसांना उपचार मिळत नव्हते. ही आकडेवारी आपल्याकडे भाषणांतून सतत ऐकू येते. पण ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे कुणी सांगत नाही.

आघाताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मोबाइलवरचे रील बघून साहेबाच्या ओरडण्यालाही ट्रॉमा म्हणायची पद्धत पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या सुमारे 70 टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात एखादा तरी भयंकर प्रसंग येतो, पण त्यांपैकी पुढे आघातोत्तर तणावाचा आजार होतो तो साधारण साडेपाच टक्क्यांना. बाकीचे रडतात, घाबरतात, काही आठवडे झोपत नाहीत आणि सावरतात. कुणाला सावरता येत नाही, हे बरंचसं प्रसंगानंतर काय झालं यावर ठरतं. जवळ कोण होतं, कुणी विश्वास ठेवला, आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडत राहिला का.

महाराष्ट्राला हा विषय मोठ्या प्रमाणावर दिसला तो किल्लारीच्या भूकंपात. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपतीचं विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या शिवेवरच्या त्या गावांत घरं कशी, तर जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. ती झोपलेल्या माणसांच्या अंगावर बसली. आठ ते दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांना पुढे दगडी घरात पाऊल टाकवेना. पत्र्याच्या शेडमध्ये उकाड्याने जीव जायचा, पण तिथे निदान छातीवर दगड पडणार नव्हता. भूकंपग्रस्तांच्या मानसिक स्थितीचा अभ्यास त्या काळात झाला आणि त्या कामात पुण्याचे डॉ. मोहन आगाशे पुढे होते. आपण त्यांना ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातले नाना म्हणून ओळखतो, पण त्यांचा पेशा मनोविकारतज्ज्ञाचा.

त्या सुमारास जगभर एक समजूत होती, की दुर्घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं सविस्तर बोलायला लावलं की मन मोकळं होतं. नंतर नीट तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं, की अशा एकदाच केलेल्या बैठकीने पुढचा आजार टळत नाही, काहींचा तर त्रास वाढतो. आता सल्ला वेगळा आहे. पाणी, अन्न, निवारा द्या, हरवलेली माणसं शोधायला मदत करा, आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐका. ज्याला बोलायचं नाही त्याला उकरू नका.

हा ‘उकरू नका’वाला धडा दवाखान्याच्या खोलीत फार कामाला येतो, कारण आपल्या घरांत नेमकं उलट चालतं. ‘एकदा काय ते सांगून मोकळी हो,’ असं बजावूनच नवरा, आई किंवा भाऊ रुग्णाला आत आणतात. आणि आत आल्यावर स्वतःच बोलायला लागतात.

पहिली भेट जरा बारकाईने सांगतो, कारण आघाताची जाण ठेवून चालवलेला दवाखाना इथेच वेगळा दिसतो. काउंटरवरच्या ताई नाव मोठ्याने पुकारत नाहीत, नंबर सांगतात. केसपेपरवर बाहेर आजाराचं नाव लिहिलेलं नसतं. खोलीत रुग्णाची खुर्ची दाराच्या बाजूला, डॉक्टरांची आत. दाराकडे पाठ करून बसवलं तर काही माणसांचं अर्धं लक्ष मागे असतं. दार लोटलेलं असतं पण कडी लावलेली नसते, आणि हे रुग्णाला तोंडाने सांगितलं जातं. पंखा, दिवा, खिडकी कशी हवी ते विचारतात. रक्तदाब मोजायचा असेल तर आधी ‘हाताला पट्टा बांधू का’ असं विचारून मगच हात लावतात. वाचताना हे सगळं बारीकसारीक शिष्टाचार वाटेल. पण ज्या माणसाच्या बाबतीत एकदा सगळं त्याला न विचारता झालेलं आहे, त्याला पुन्हा विचारलं जाणं हीच उपचाराची सुरुवात असते.

मग नातेवाईक. ‘मॅडम, हिला नीट सांगता येत नाही, मी सांगतो,’ असं म्हणणाऱ्या नवऱ्याला बाहेर काढणं ही कला आहे. तो दुखावला तर पुढच्या वेळी तिला आणणार नाही, पैसेही त्याच्याच खिशात असतात. डॉक्टर आधी पाच मिनिटं दोघांसमोर त्याचंच ऐकून घेतात, वहीत लिहितात, मग ‘तुमचं झालं, आता यांना एकटीला तपासते, आमच्याकडे पद्धत आहे’ म्हणतात. ‘पद्धत’ म्हटलं की माणूस उठतो. दार लोटल्यावर पहिला प्रश्न काय झालं असा नसतो. झोप लागते का, स्वप्नं पडतात का, घरात सध्या तुम्हाला कुणाची भीती आहे का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असे प्रश्न असतात. आणि जुन्या प्रसंगाचा वास आला की डॉक्टर एक वाक्य ठरल्यासारखं म्हणतात : सांगायचं की नाही, किती सांगायचं, केव्हा सांगायचं, ते तुम्ही ठरवा. आज काही सांगितलं नाही तरी उपचार थांबणार नाहीत.

एका बाईंचं उदाहरण घेऊ. चाळिशीतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तक्रार : दोन महिन्यांपासून झोप नाही, वर्गात शिकवताना मध्येच घसा आवळल्यासारखा होतो, कुणी मागून हाक मारली तरी दचकायला होतं. थायरॉइड तपासून झालेलं. नवऱ्याचं म्हणणं, हिला पहिल्यापासून टेन्शन घ्यायची सवय. डॉक्टरांनी विचारलं, या दोन महिन्यांत घरात नवं काय झालं? काही नाही. मुलगी नववं वर्ष संपून दहाव्यात गेली आणि सुट्टीत आजोळी जायचा हट्ट धरून बसली. एवढंच.

ते ‘एवढंच’ उलगडायला आठ भेटी लागल्या. बाई स्वतः नऊ वर्षांच्या असताना, त्यांच्या आजोळी, सुट्टीत, नात्यातल्या एका मोठ्या मुलाने जे केलं ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण सगळं नीट पार पडलं. मुलगी त्या वयाची झाली आणि झाकण उडालं. डॉक्टरांच्या अनुभवात हे वारंवार येतं. आईबापांचा जुना आघात मुलांच्या वाढदिवसांबरोबर वर येतो. ही बाब किती सर्रास असेल याचा अंदाज केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासावरून येतो. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं, आणि निम्म्या प्रकरणांत करणारा माणूस ओळखीचा किंवा विश्वासातला होता. त्या मुलामुलींची आता लग्नं झाली आहेत. तीच आज दवाखान्यात डोकेदुखीची तक्रार घेऊन येताहेत.

उपचारांचा क्रम अमेरिकेच्या ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1992 च्या पुस्तकात मांडला आणि अजून मोठ्या प्रमाणावर तोच वापरतात. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. शिक्षिकाबाईंच्या पहिल्या सात भेटी पहिल्याच पायरीवर गेल्या. झोप रुळावर आणणं, चालू असलेलं अल्प्राझोलम थोडं थोडं कमी करत बंद करणं, सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू करणं, आणि ते लागू व्हायला तीन-चार आठवडे लागतील हे आधीच सांगून ठेवणं. घसा आवळला की पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, वर्गातल्या पाच वस्तूंची मनात नावं घ्यायची, श्वास बाहेर सोडताना लांबवायचा. मुलीला आजोळी पाठवायचं नाही हे नवऱ्याला काय सांगून पटवायचं, यावर एक अख्खी भेट गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, यात थेरपी कुठे आहे?

आठव्या भेटीत त्या बोलल्या. त्यानंतरचं काम मानसशास्त्रज्ञांकडे गेलं. प्रसंग ठरवून, ठरलेल्या वेगाने, पुन्हा पुन्हा सांगायचा आणि प्रत्येक वेळी ‘मी ओरडले का नाही’ या प्रश्नापाशी थांबायचं. नऊ वर्षांच्या मुलीने ओरडायला हवं होतं असं तुम्ही तुमच्या वर्गातल्या मुलीला सांगाल का, असं त्यांना विचारलं गेलं. शिक्षिकेला हा प्रश्न बरोबर लागला. त्या दिवशी त्या खूप रडल्या, आणि पुढच्या आठवड्यात प्रथमच रात्री सहा तास झोपल्या.

इथे डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेल्या ईएमडीआर या पद्धतीचाही वापर होतो. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना 1987 मध्ये बागेत फिरताना ती सुचली. थेरपिस्ट बोट डावीउजवीकडे हलवतो, रुग्ण डोळ्यांनी त्याचा पाठलाग करत आठवण मनात धरतो. आघाताच्या आजारात तिचा उपयोग होतो, याला चांगला पुरावा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती मान्य केली आहे. डोळे हलवण्याने नेमकं काय होतं, की आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाण्यानेच काम होतं, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत. माझ्या मते रुग्णाने त्या भांडणात पडू नये. मात्र चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र लावून बोटं हलवणाऱ्यापासून लांब राहावं.

मराठी वाचकाला मानसोपचाराची ओळख आहे ती बरीचशी विवेकनिष्ठ विचारपद्धतीमुळे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं हे शास्त्र कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची पुस्तकं, व्याख्यानं आणि 1990 मध्ये ठाण्यात सुरू झालेली त्यांची आयपीएच ही संस्था यांनी मानसिक आरोग्य हा विषय दिवाणखान्यात आणला. या परंपरेचं ऋण मोठं आहे. पण तिचा अर्धवट घोकलेला अवतार घराघरांत पोचला आहे, आणि तो आघाताच्या रुग्णाला मारक ठरतो. ‘घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचा विचार त्रास देतो’ हे परीक्षेत नापास झालेल्या मुलाला सांगणं ठीक. ज्या बाईला अजून रोज रात्री मार बसतो तिला ते सांगणं म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेणं. जाणकार थेरपिस्ट हे करणार नाही. वर्तमानपत्री सदरं वाचून सल्ला देणारे काका-मामा सर्रास करतात.

पुरुष रुग्ण कमी येतात आणि आले तरी रागाची किंवा दारूची तक्रार घेऊन येतात. एक प्रकार सांगण्यासारखा आहे. रेल्वेचालकाच्या गाडीसमोर माणूस उडी मारतो, ब्रेक लावूनही गाडी तेवढ्यात थांबत नाही, हे चालकाला तेव्हाही माहीत असतं. त्याचा काही दोष नसतो, चौकशीतही तसंच निघतं. तरी त्या माणसाचा चेहरा, शेवटच्या क्षणाला वर बघणारा, रोज त्याच खांबापाशी दिसत राहतो. असा चालक ‘बायको म्हणते म्हणून आलो’ असं म्हणत खुर्चीच्या कडेला बसतो. त्याच्याशी थेरपी, मन, भावना असले शब्द चालत नाहीत. डॉक्टर त्याला मेंदूचं चित्र काढून दाखवतात : धोक्याची घंटा वाजवणारा भाग कसा अडकून बसतो, शरीर कसं लढायला तयार राहतं, झोप का येत नाही. यंत्राची भाषा यंत्रावरच्या माणसाला समजते. ‘म्हणजे मी येडा नाही,’ हे त्याचं बहुतेक वेळा पहिलं वाक्य.

दिवाळी अंकात लिहितोय म्हणून एक विषयांतर. या दवाखान्यात दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात भेटी वाढतात. सुतळी बॉम्ब, फटाक्यांच्या माळा, रात्री बारा वाजता अचानक झालेला धडाका, यांनी ज्यांचं अंग अजून सावध आहे त्यांची सणाच्या दिवसांत दैना होते. भाऊबीजेचंही तसंच आहे. ज्या भावाने त्रास दिला त्याच्यासमोर ताट घेऊन उभं राहायचं की नाही, हा प्रश्न दिवाळीपूर्वी दोन आठवडे खोलीत चर्चेला असतो. नातं तोडा असा सल्ला इथे मिळत नाही. त्या दिवशी काही कारण सांगून टाळता येईल का, याची तयारी करून घेतली जाते.

कायद्याने या खोलीला काही हत्यारं दिली आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 पासून अमलात आला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आता डॉक्टरांच्या मर्जीवर राहिलेलं नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. पुढे कधी आपल्याला निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार चालतील आणि कोणते चालणार नाहीत, हे रुग्ण आधी लिहून ठेवू शकतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, असं कलम 115 सांगतं. विष प्यायलेल्या मुलीकडून, पोलीस येतील या भीतीने, ‘चुकून औषध गेलं’ असं लिहून घेणारी घरं अजून आहेत. त्यांना हे कलम माहीत नसतं.

अडचणीचा कायदा दुसरा, पॉक्सो, 2012 चा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हेतू चांगला. पण सोळा वर्षांची मुलगी फार धीर करून, ‘आईला सांगू नका’ अशी अट घालून बोलते तेव्हा काय करायचं? या दवाखान्यात त्यावर उत्तर एकच आहे : मुलाने बोलायच्या आधीच त्याला सांगायचं, की कोणती गोष्ट माझ्याजवळ राहील आणि कोणती मला पुढे कळवावी लागेल. काही मुलं हे ऐकून गप्प होतात. तो तोटा सहन करायचा, पण विश्वास ठेवायला लावून मग फसवायचं नाही. मला हे पटलं, आणि तरीही त्या गप्प झालेल्या मुलांचं काय, याचं उत्तर मिळालं नाही.

आता पैसा. शहरात तासाभराच्या सत्राला साधारण हजारापासून तीन हजार रुपयांपर्यंत मोजावे लागतात, जिल्ह्याच्या गावी त्याहून कमी. आठवड्याला एक धरलं तर महिन्याला चार. आघाताचं काम महिनोन् महिने चालतं. 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं म्हटलं आहे आणि विमा नियामकानेही ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. सत्रांसाठी कुणी भरती होत नाही. त्यामुळे हक्क कागदावर आणि पावती रुग्णाच्या हातात. शिक्षिकाबाईंना पगार होता म्हणून त्या आठव्या भेटीपर्यंत पोचल्या. शेतमजूर बाई दुसऱ्या भेटीनंतर येत नाही, कारण एक भेट म्हणजे फी, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. तिला बोलायचं नव्हतं म्हणून ती आली नाही, असं कृपा करून कुणी म्हणू नये.

तिच्यासाठी काय करता येईल याची उत्तरं आपल्या जवळच सापडली आहेत. गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या संगथ या संस्थेने दाखवलं, की डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ सत्रं घेतली तर तीव्र नैराश्यातली माणसंही सुधारतात. 495 रुग्णांवरचा तो अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतल्या विश्राम प्रकल्पात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. हे नैराश्याचे प्रकल्प होते. वर्षानुवर्षं साचलेल्या आघातासाठी सहा सत्रं पुरणार नाहीत, पण पहिली पायरी, म्हणजे झोप, सुरक्षितता आणि विश्वास ठेवणारं एक माणूस, आरोग्य केंद्रात नक्की मिळू शकते. आशाताईंना हे शिकवायला विद्यापीठ लागत नाही. सरकारला ते करायचं आहे का, एवढाच प्रश्न आहे.

या कामाचा डॉक्टरांवर काय परिणाम होतो, हेही थोडक्यात. दुपारी तीन माणसांहून जास्त घेत नाहीत त्यामागे केवळ वेळेचा हिशोब नाही. चौथ्याचं ऐकताना कान बधिर होतात. रात्री दोन वाजता येणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, रुग्णाच्या लग्नाचं आमंत्रण, दिवाळीला आलेला लाडवांचा डबा, या प्रत्येक ठिकाणी रेघ कुठे मारायची ते ठरवावं लागतं. डबा काउंटरवर सगळ्यांसाठी ठेवला जातो, आमंत्रणाला नम्रपणे नकार, आणि रात्रीच्या मेसेजला सकाळी उत्तर. जिवावर बेतलं असेल तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलेलं असतं. दोघी जणी महिन्यातून एकदा दुसऱ्या शहरातल्या ज्येष्ठ थेरपिस्टसमोर आपापल्या अडलेल्या केसेस नावं गाळून मांडतात. अशी देखरेख आपल्याकडे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून बहुतेक जण ती घेत नाहीत.

यातून वाचकाच्या उपयोगाचं जे निघतं ते सांगतो. मानसोपचाराच्या बाजारात पाट्या फार झाल्या आहेत. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका. त्याला औषधं लिहिता येतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ मात्र आज कुणीही स्वतःला म्हणवून घेऊ शकतो. तेव्हा पहिल्या भेटीत संकोच न करता विचारा : तुमचं शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय, आघाताच्या रुग्णांबरोबर काम केलं आहे का, एका सत्राचा वेळ आणि फी किती, मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल. एकटं भेटायची मागणी करा. पहिल्याच दिवशी सगळं सांगायचा आग्रह धरणाऱ्याकडे, झालं गेलं विसरा म्हणणाऱ्याकडे, किंवा प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. दुसरा दवाखाना शोधा. आणि घरातलं कुणी तुमच्यापाशी बोललं तर त्याला पुरावा मागू नका.

तोवर, किंवा दवाखाना परवडत नसेल तर, 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ती चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं.